दुसऱ्या वर्षी अंडी एकदम कमी झाली. कुठली ठेवू, कुठली कापू?

पायवाट

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण निर्णय जिवाचा आहे म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

घरामागच्या मोकळ्या जागेत ११ कोंबड्या आणि १ कोंबडा आहे. एक दिवसाची पिल्लं आणून वाढवली. ७ ऱ्होड आयलंड रेड, ४ गावठी मिश्र. २२व्या आठवड्यात पहिलं अंडं मिळालं आणि पुढे जवळजवळ वर्षभर रोज ८-९ अंडी येत होती. आता त्या १९ महिन्यांच्या आहेत. गेल्या महिन्यात अंडी ५ वर आली, मग ४, आणि या आठवड्यात रोज ३. परवा तर दोनच.

मध्यंतरी एक गावठी खुडूक बसली होती, तिच्याखाली १२ अंडी ठेवली. २१व्या दिवशी ९ पिल्लं निघाली, त्यात ५ कोंबडे आणि ४ तलंगा (तरुण माद्या). तीही आता ५ महिन्यांची झालीत. कोंबडे आरवतात, आपसात भांडतात. म्हणजे एकूण २१ खाणारी तोंडं आणि ३ अंडी. खुराडं १० फूट बाय ६ फूट आहे, सकाळी उजाडलं की दार उघडतो आणि दिवसभर सगळी बाहेर हिंडतात. खायला लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) आणि मका निम्मं निम्मं. गोणी लवकर संपायला लागली म्हणून मका वाढवला.

आई म्हणते, या नुसत्या खाऊन बसतात, एक-एक करून कापून टाक. तिचं म्हणणं चुकीचं नाही, आम्ही सुरुवातीपासून अंडी आणि मांस दोन्हींसाठीच पाळल्या. पण तिने पहिल्यांदा बोट दाखवलं ते भुरीकडे. भुरी माझ्या ९ वर्षांच्या मुलीची. तिची मान उघडी पडली आहे, शेपूट गळलं आहे, रोज सकाळी बसायच्या दांडीखाली पिसांचा सडा असतो आणि अंडं तर नाहीच. आजारी असेल का? शिवाय दोन-तीन कोंबड्यांच्या पाठीवरची पिसंही गेली आहेत, तिथे लाल कातडी दिसते.

कोणती अंडी देते आणि कोणती नाही हे ओळखायचं कसं? आणि दुसरं, मी आजवर स्वतःच्या हाताने कोंबडी कापलेली नाही. ते नीट, तिला त्रास न होता कसं करायचं, हेही अनुभवी लोकांनी सांगावं.

पहाटवारा

दिवस लहान झालेत, एवढंच कारण आहे. कोंबडीला रोज १४ ते १६ तास उजेड लागतो, तो कमी झाला की अंडी थांबतात. खुराड्यात छोटा बल्ब लावा, टायमरवर. फक्त तो पहाटे लागेल असं बघा, संध्याकाळी नको. संध्याकाळी बल्ब फटकन बंद झाला की त्या जमिनीवरच अडकतात, अंधारात दांडी सापडत नाही त्यांना. मी बल्ब लावल्यावर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला होता.

जुनं खुराडं

दादा, आधी सुरी बाजूला ठेवा. भुरी आजारी नाही, ती पिसं टाकते आहे. पहिला हंगाम पुरा झाला की साधारण दीड वर्षाच्या सुमाराला कोंबडी जुनी पिसं टाकून नवी घालते. आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, मग पंख आणि शेपूट. याला दोन-तीन महिने जातात आणि तेवढे दिवस अंडं बंद. पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, अंगातलं सगळं बळ तिकडे जातं. तिची मान जवळून पाहा. कातडीतून निळसर टोकदार काड्या वर आलेल्या दिसतील, बोटाला टोचतील. ती नवी पिसं. त्यांच्या मुळाशी रक्त असतं, दुखतात त्यांना, म्हणून या दिवसांत विनाकारण उचलू नका. मुलीलाही सांगा.

मी २२ वर्षं कोंबड्या पाळते आहे आणि सुरुवातीच्या काळात नेमकी हीच चूक केली. ज्या विद्रूप दिसत होत्या त्या आधी कापल्या आणि तुकतुकीत होत्या त्या ठेवल्या. पुढच्या हंगामात खुराडं भरलेलं, टोपली रिकामी. वर्षभर अंडी देऊन झिजलेली कोंबडी विटकी दिसते. जी काहीच देत नाही तिचीच पिसं चकचकीत राहतात. वयावरून नाही, दिसण्यावरून तर नाहीच, हाताने तपासून ठरवा.

रात्री सगळ्या दांडीवर बसल्या की बॅटरी घेऊन जा, म्हणजे पळापळ होत नाही. एक-एक उचला. डोकं तुमच्या काखेकडे, शेपूट पुढे, पंख कोपराने धरलेले. आता शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं लागतात. त्यांच्यामध्ये बोटं आडवी ठेवा. अंडी देणारीच्या हाडांमध्ये दोन ते तीन बोटं आरामात बसतात आणि हाडं लवचीक लागतात. बंद असलेलीच्या हाडांमध्ये एक बोटसुद्धा मुश्किलीने. मग ही हाडं आणि छातीच्या हाडाचं खालचं टोक यांतलं अंतर मोजा. देणारीत तीन-चार बोटं आणि पोट मऊ, बंद असलेलीत पोट कडक किंवा चरबीने घट्ट. द्वार पाहा: देणारीचं मोठं, ओलसर, फिकं, लांबट. न देणारीचं लहान, कोरडं, आक्रसलेलं.

तुमच्या सात लाल कोंबड्यांमध्ये आणखी एक खूण आहे, कारण त्यांची कातडी पिवळी असते. अंडी सुरू झाली की पिवळा रंग पिवळ्या बलकात जातो आणि अंगावरचा उतरत जातो. आधी द्वाराभोवतीचा, मग डोळ्यांच्या कडांचा, मग चोचीचा, सगळ्यात शेवटी पायांचा. पाय पांढुरके पडलेत म्हणजे ती कित्येक महिने घालत होती. अंडी बंद झाली की रंग त्याच क्रमाने परत येतो. ज्या कोंबडीचे पाय आत्ता हळदीसारखे पिवळे आहेत, ती फार आधीपासून बसून खाते आहे.

पिसं टाकणारीला या तपासणीत नापास करू नका. तिची हाडं आता जवळ आलेली असणारच. तिच्याबाबत एवढंच बघा की पिसं कधीपासून टाकते आहे. उशिरा सुरू करून भराभर उरकणारी कोंबडी चांगली. हंगाम संपायच्या आधीच सुरू करून महिनोन्‌महिने दोन-चार पिसं टाकत राहणारी काही खास नसते.

आता पाठीवरच्या पिसांचं. ते वेगळं प्रकरण आहे आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. ११ कोंबड्यांमागे तुमच्याकडे आता ६ कोंबडे आहेत. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. हे पाच तरुण दिवसभर त्यांच्या पाठीवर चढतात, नखांनी आणि चोचीने पिसं उपटतात, त्या बिचाऱ्या धड खात नाहीत की निवांत अंड्याला बसत नाहीत. लाल पडलेल्या जागेतून रक्त आलं तर बाकीच्याही टोचायला लागतात आणि मग आवरत नाही. हे पाच आजच वेगळे कोंडा. अंड्यांसाठी कोंबडा मुळात लागतच नाही, तो लागतो पिल्लांसाठी.

मका निम्मा, हे तर फारच झालं. लेअर खाद्यात १६-१७ टक्के प्रथिनं असतात, मक्यात ८-९. निम्मं निम्मं केलंत की १३ टक्क्यांच्या आत आलात, कॅल्शियमही अर्ध्यावर. अंड्याच्या एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं, ते कुठून आणायचं तिने? मका संध्याकाळी मूठभर टाका, बोलवायला म्हणून. बाकी खाद्य पुरं द्या, कोंबडीमागे ११०-१२० ग्रॅम. शिंपल्याचे जाड तुकडे वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला लागेल ती खाईल. कवच बहुतेक रात्री तयार होतं, म्हणून संध्याकाळी खाल्लेले जाड तुकडे रात्रभर हळूहळू विरघळत कामी येतात. पूड तेवढी टिकत नाही.

आणि एक शंका. उजाडल्या उजाडल्या दार उघडता ना? बहुतेक अंडी सकाळीच घातली जातात. तीन दिवस दुपारपर्यंत कोंडून ठेवा आणि मोजा. आकडा वाढला तर कुठेतरी बाहेर घालताहेत.

पहाटवारा, तुमचं उजेडाचं गणित बरोबर आहे, पहाटेची सूचनाही. पण पिसं टाकणाऱ्या कोंबडीला मी बल्ब लावत नाही. नवी पिसं पुरी येऊ देत, दोन महिने विश्रांती मिळू दे. त्यानंतरची अंडी मोठी आणि कवचाने चांगली येतात.

कडबा

ताईंनी सगळं सांगितलंय, मी कापण्याबद्दल लिहितो, कारण त्याबद्दल मोकळेपणाने कोणी सांगत नाही आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. चुकलं की जनावराला भोगावं लागतं.

सुरुवात त्या पाच कोंबड्यांपासून करा. ५ महिने हे बरोबर वय आहे. मांसासाठीच्या संकरित ब्रॉयलरसारखे ते ६-७ आठवड्यांत दोन किलोचे होत नाहीत, पण आता याहून जास्त ठेवलेत तर वजन थोडंच वाढेल आणि मांस मात्र निबर होत जाईल. एका दिवशी पाचही कापायला जाऊ नका. पहिल्या दिवशी एक.

आदल्या रात्री अंधारात उचला, शांत असतात. वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, ८ ते १२ तास खाणं बंद, पाणी चालू. आतडं रिकामं असलं की साफ करताना घाण होत नाही. सुरी इतकी धारदार हवी की कागद हवेत धरून कापला जावा. बोथट सुरीने कापणं हा खरा छळ. पत्र्याचं नरसाळं किंवा तळ कापलेला प्लास्टिकचा डबा भिंतीला ठोका, त्यात तो डोकं खाली करून ठेवा. पंख आपोआप आवळले जातात, फडफड होत नाही आणि उलटा धरला की तो काही क्षणांत शांत होतो. जबड्याच्या लगेच मागे, मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा एका ठाम ओढीत कापा. थांबत-थांबत नाही. शुद्ध काही सेकंदांत हरपते. त्यानंतर अंग झटके देतं, पाय हलतात, ते पाहून घाबरू नका. दोन-तीन मिनिटं रक्त पूर्ण गळू द्या. बाकीच्या कोंबड्यांसमोर हे करू नका.

पाणी ६२ ते ६५ अंशांवर तापवा. थर्मामीटर वापराच, अंदाजाने होत नाही. पायांना धरून पाऊण ते एक मिनिट बुडवून हलवत राहा, शेपटीचं पीस ओढून बघा, अलगद निघालं की बाहेर काढा. पाणी जास्त तापलं तर पिसांबरोबर कातडी फाटते. पोट उघडताना काप वरवर घ्या, आतडं फुटू देऊ नका. काळजाला (यकृताला) चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी हलक्या हाताने काढा, फुटली तर जिथे पित्त लागेल तो भाग कडू. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला तेलाची गाठ असते, तीही कापून टाका.

मग लगेच बर्फाच्या पाण्यात थंड करा आणि एक दिवस फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात घरचं मांस चिवट. कापल्यावर स्नायू आखडतात, ते सैल पडायला वेळ लागतो. मोठी कोंबडी असेल तर कमी आचेवर, भरपूर पाणी, दोन-तीन तास.

कुणाला औषध दिलं असेल तर त्यावर लिहिलेले थांबण्याचे दिवस पूर्ण होईपर्यंत ना अंडं खायचं, ना मांस.

पायवाट

दहा दिवसांनी लिहितोय. ताई, कडबादादा, तुमचे उपकार आहेत.

पाच कोंबडे त्याच संध्याकाळी वेगळे केले. मग रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात गेलो. मुलगी वहीत लिहीत होती, मी बोटं मोजून सांगत होतो. पहिल्या कोंबडीच्या वेळी मला कळलंच नाही कुठलं हाड ते. दुसरीच्या वेळी एकदम कळलं: तीन बोटं बसली आणि हाताखाली सगळं मऊ, गरम. त्यानंतर चाचपडावं लागलं नाही. ११ पैकी ५ देणाऱ्या. ४ पिसं टाकणाऱ्या, त्यात भुरी. भुरीचे पाय अगदी पांढरट, चोचीचाही रंग उडालेला. म्हणजे ती शेवटपर्यंत घालत होती. आणि २ लाल कोंबड्या, ज्यांच्या हाडांमध्ये माझं एक बोट जाईना, पोट चरबीने टणक आणि पाय पिवळेजर्द. या दोघी सगळ्यांत देखण्या आहेत. आई म्हणत होती, बाकी काहीही कापा, या दोन ठेवा. मी तिचा हात धरून तिला त्यांच्या हाडांवर बोट ठेवायला लावलं, मग भुरीचे आणि त्यांचे पाय उजेडात शेजारी शेजारी दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग भुरीला स्वतः दाणे घालून आली.

पाच देणाऱ्या आणि अंडी तीन, हे जुळेना. ताईंनी सांगितल्याप्रमाणे तीन दिवस दुपारपर्यंत कोंडलं. पहिल्या दिवशी ४, दुसऱ्या दिवशी ५, तिसऱ्या दिवशी ४. मग बाहेरचं शोधत फिरलो. लाकडांच्या ढिगामागे, पत्र्याच्या आडोशाला, १९ अंडी. सुक्या पानांत गोल खळगा करून इतकी नीट रचलेली की हात लावायला जीव होईना. पाण्याच्या बादलीत टाकून पाहिली, ७ तरंगली, ती पुरली. बाकीची एक-एक वाटीत फोडून, वास घेऊन वापरली. तो आडोसा आता बंद केलाय आणि खुराड्यात आणखी दोन खोकी ठेवलीत, कारण ११ कोंबड्यांना माझी एकच पेटी होती हे लिहायचं राहिलं होतं.

निम्मा मका बंद केल्यावर दोन दिवस सगळ्या रुसल्या, आता नीट खातात.

परवा पहिला कोंबडा कापला. नरसाळं केलं होतं, सुरी तीनदा पाजळली. माझा हात थरथरत होता म्हणून आधी थांबलो, हात धुतले, मग पुन्हा धरला. नरसाळ्यात तो खरंच शांत झाला, त्याच्या डोळ्याची पापणी खालून वर मिटताना दिसली. एकाच ओढीत झालं. पाणी मात्र जास्त तापलं आणि छातीवरची कातडी फाटली, तुम्ही सांगूनही. मुलीला आत थांबायला सांगितलं होतं, पण नंतर पोट साफ करताना ती येऊन उभी राहिली आणि काळीज कुठलं, फुप्फुसं कुठली विचारत राहिली. पेटा (दाणे दळणारं जाड पोट) उघडला तर आत मक्याचे दाणे आणि गुळगुळीत झालेले खडे. त्यांना दात नसतात, खडेच दळतात, हे तिला दाखवलं. तिने खडे धुऊन ठेवलेत.

आता प्रश्न उरला तो चार तलंगांचा. त्यातल्या एकीने काल पहिलं छोटं अंडं घातलं, आत बलकच नव्हता. हे काही वाईट लक्षण आहे का? आणि पुढच्या वेळी पिल्लं काढायची तर हाच कोंबडा चालेल का?

जुनं खुराडं

दादा, १९ अंडी! मनापासून आनंद झाला वाचून. आईंचाही.

बलक नसलेलं पहिलं अंडं तलंगांमध्ये नेहमी दिसतं, शरीर अजून लयीत आलेलं नसतं. कधी दोन बलकांचं येईल, कधी मऊ सालीचं. चार-सहा आठवड्यांत जागेवर येतं. अंडी देणाऱ्या चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं हा हिशेब धरा, आता तुमच्याकडे तीन आहेत, या चौघी धरूनही पुरतील.

कोंबडा मात्र बदला. या चौघी त्याच्याच मुली आहेत. खायच्या अंड्यांना काही फरक पडत नाही, पण बाप-लेकीची पिल्लं काढत गेलात की पिढीगणिक अंडी कमी उबतात आणि पिल्लं अशक्त निघतात. बाहेरचा कोंबडा आणाल तेव्हा निदान तीन-चार आठवडे लांब, वेगळ्या भांड्यांत, वेगळा कोंडून ठेवा. आधी आपल्या कोंबड्यांना खायला घालायचं, मग त्याच्याकडे जायचं, उलटं नाही, आणि चपलाही वेगळ्या ठेवायच्या. राणीखेत रोगाची लस आपल्यांना दिलेली आहे ना, ती वहीत बघा. वही तुमची मुलगी छान ठेवते आहे, त्यातच प्रत्येकीच्या पायाला रंगीत कडी घालून तिचा रंग लिहू द्या. पुढच्या वर्षी पिसं कोणी कधी टाकली हे तारखेसकट कळेल.

त्या दोन पिवळ्या पायांच्या कापाल तेव्हा चरबी टाकू नका, कढवून ठेवा. मांस शिजायला तीन तास धरा.